वहीवरून संगणकावर: इतवारीतल्या आमच्या विद्युत सामानाच्या दुकानाचं एक वर्ष

इतवारीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नागपूरच्या इतवारीत आमचं विद्युत सामानाचं दुकान आहे. वायर, स्विच, एमसीबी, पंखे, थोडं मोटारीचं सामान. बाबांनी सुरू केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बसतो, जोडीला दोन पोरं. गेल्या दिवाळी पाडव्याला वहीपूजन झालं आणि त्याच दिवशी ठरवलं की उधारीची वही बंद करून सगळं संगणकावर घ्यायचं. आता वर्ष होत आलं. बरंच जमलं, काही ठिकाणी चांगलाच मार बसला. आपल्यासारखे दोन-चार माणसांवर दुकान चालवणारे इथे बरेच आहेत, त्यांच्या कामी यावं म्हणून सविस्तर लिहितो. शेवटी माझेही दोन प्रश्न आहेत.

हे का केलं ते आधी सांगतो. आमचं निम्मं गिऱ्हाईक म्हणजे वायरमन आणि ठेकेदार. काम चालू असतं मनीषनगरला नाहीतर बेसा-पिपळ्याकडे, ठेकेदार स्वतः येत नाही, पोरगा पाठवतो. पोरगा गाडीवरून न उतरताच सांगतो, "दीडचे दोन बंडल, एमसीबी सहा, भाऊच्या नावावर लिहून घ्या." (दीड, अडीच म्हणजे वायरचं माप, चौरस मिलिमीटरमध्ये.) माल जातो. संध्याकाळी गर्दी ओसरली की बाबा आठवून आठवून वहीत लिहायचे. ४० वर्षं असंच चाललं आणि बाबांची आठवण पक्की, म्हणून चाललं.

पाडव्याच्या आधीच्या मार्चमध्ये एका जुन्या ठेकेदाराबरोबर हिशोबाला बसलो. आमच्या वहीत अडीचच्या वायरचे सहा बंडल, त्याच्या डायरीत चार. दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नव्हतं. शेवटी बाबांनी दोन बंडलांचे पैसे सोडले. पैसे गेल्याचं त्यांना फार वाटलं नाही. वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस "काका, या वेळी तुमची वही चुकली" म्हणाला, ते लागलं. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

म्हणून सॉफ्टवेअर बघायला निघालो तेव्हा आमची कसोटी एकच होती. ज्या हाताने माल दिला त्याच हाताने, त्याच क्षणी नोंद व्हायला हवी. रंगीत आलेख, अहवाल, फोनवर रोजची विक्री, हे सगळं विकणारे दाखवतात. मी प्रत्येकाला एकच विचारायचो: पोरगा गाडी चालू ठेवून उभा आहे, किती सेकंदांत बिल होईल ते माझ्यासमोर करून दाखवा.

फोनवरची दोन बिलिंग ॲप महिनाभर वापरली. चार-पाच नगांचं बिल असलं की छान चालतात. आमच्याकडे एका बिलात वीस-पंचवीस ओळी येतात, तिथे बोट थकतं. सीएंकडे टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर, भावालाही थोडी टॅली येत होती, म्हणून टॅलीप्राइम घेतलं. शिकायला पैसे लागत नाहीत हे अनेकांना ठाऊक नसतं. परवाना नसताना शिकाऊ पद्धतीत ते उघडता येतं, फक्त महिन्याची १, २ आणि शेवटची तारीख एवढ्याच तारखांना नोंदी घेतं. आमच्या दोन्ही पोरांनी त्यावरच हात बसवला.

पहिले दोन महिने वाईट गेले. चूक आमचीच. संगणक आतल्या टेबलावर, त्यावर एक पोरगा बसवलेला, आणि काउंटरवरचे आम्ही त्याला ओरडून सांगायचो. दिवाळीनंतर लग्नसराईच्या गर्दीत त्याला निम्मं ऐकूच यायचं नाही. वहीची जागा फक्त संगणकाने घेतली, आठवून लिहिणं तसंच राहिलं. मग संगणक उचलून माल देतो त्या कोपऱ्यावर आणला. खोक्यातल्या मालाला बारकोड, वायरला छोटे संकेत: 'दीला' म्हणजे दीड लाल, 'अडका' म्हणजे अडीच काळी. ज्याच्या हातात माल, त्यानेच टंकायचं. त्या दिवसापासून गाडी रुळावर आली.

आणि खरा फरक पुढच्या पायरीने पडला. उधारीचं बिल झालं की त्याची पीडीएफ त्याच मिनिटाला ठेकेदाराच्या व्हॉट्सॲपवर जाते. पोरगा अजून इतवारीच्या गर्दीतून बाहेर पडलेला नसतो आणि मालकाला बिल पोहोचलेलं असतं. काही चुकलं तर तो तिथल्या तिथे फोन करतो. वाद त्याच दिवशी मिटतो, मार्चपर्यंत थांबत नाही.

वायरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त डोकं तिथेच गेलं. बंडल ९० मीटरचं असतं, काही १८० चंही येतं. खरेदी बंडलात, विक्री कधी बंडलात कधी मीटरमध्ये. आम्ही सुरुवातीचा साठा 'नग' म्हणून चढवला आणि विक्री मीटरमध्ये करत गेलो. पंधरा दिवसांत साठा उणे दाखवायला लागला, आणि रॅकवर तर माल दिसतोय. मग मीटर हे मूळ एकक धरलं, बंडल हे पर्यायी, १ बंडल = ९० मीटर. १८० चं बंडल ही वेगळी वस्तू केली.

तरीही दीड-दोन मीटर कमी यायचेच. शोध घेत गेलो तर उत्तर आमच्या काउंटरच्या कडेला ठोकलेलं होतं. बाबांनी लावलेली एक मीटरची पितळी पट्टी. वायर त्या पट्टीवर मोजून कापली की बाबा दर वेळी बोटभर जास्त सोडून कापतात. गिऱ्हाइकाला कमी पडू नये, ही त्यांची रीत. एका बंडलाचे वीस तुकडे झाले की तेवढं जातंच. ती रीत आम्ही बदलली नाही. महिन्याच्या शेवटी मोजणी करून फरक 'काटछाट' म्हणून नोंदवतो. साठा जुळतो आणि बाबांची बोटभर वायरही राहते.

आणखी एक, सुरुवात करणाऱ्यांसाठी. वस्तूंची नावं पहिल्याच दिवशी एका नियमाने लिहा. आमच्याकडे एकच वायर 'लाल दीड', 'दीड लाल' आणि 'वायर १.५ लाल' अशी तीन नावांनी चढली होती. कंपनी, प्रकार, माप, रंग, याच क्रमाने. आणि ठेकेदारांची नावं मोबाइलच्या शेवटच्या चार आकड्यांसकट लिहा, एकाच नावाचे तिघं निघतात.

आता बाबा. ते कीबोर्डला हात लावत नाहीत आणि मी जबरदस्तीही करणार नाही. पण मी जेवायला गेलो की काउंटरवर तेच असतात. मग 'दुकान' नावाचा आम्हा तिघांचा व्हॉट्सॲप गट केला. माल दिला की बाबा फोन तोंडाशी धरून बोलतात, "अमक्याचा पोरगा, अडीच काळी एक बंडल, होल्डर चार." सात सेकंदांचा आवाज. वेळ आपोआप पडते. मी आलो की ऐकून बिल करतो. वर्षभरात घेतलेल्या सगळ्या साधनांत हे फुकटचं साधन मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

माझे प्रश्न: १) बॅकअप आम्ही संगणकातच दुसऱ्या ड्राइव्हवर घेतो आणि अधूनमधून पेनड्राइव्हवर. पुरे आहे का? २) वाडीला छोटं गोदाम घेतलंय. तिथला साठा इतवारीत बसून कसा बघावा? तिथे फक्त चौकीदार असतो, संगणक नाही.

धरमपेठचा हिशोबनीस

भाऊ, फार कामाचं लिहिलंत. मी करसल्लागार आहे, रोज छोट्या दुकानांचीच विवरणपत्रं भरतो. तुमची 'त्याच क्षणी नोंद' ही गोष्ट कायद्यालाही धरून आहे, हे लोकांना समजावं म्हणून लिहितो.

माल दुकानातून निघतो तेव्हा किंवा त्याआधी कर बिल तयार हवं, असा जीएसटीचा नियम आहे. उधारी असली तरी कर बिलाच्या तारखेनेच लागतो, पैसे आल्यावर नाही. म्हणजे महिनाभर वहीत उधारी लिहून शेवटी एकदम बिल करणं ही नुसती गैरसोय नाही, चूक आहे. बाबांच्या आवाजावरून बिल करता, ठीक आहे, पण त्याच दिवशी करा.

तुमच्या पार्टीपैकी जीएसटी नोंदणी असलेले ठेकेदार किती? त्यांना एक सांगा. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत तुमचे पैसे दिले नाहीत तर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) त्यांना व्याजासह परत करावं लागतं. वसुलीला बसताना बिलनिहाय थकबाकीची यादी काढून १५० दिवसांवरची बिलं वेगळी दाखवा. भांडण न करता काम होतं.

खरेदीकडे मात्र लोकांचं लक्षच नसतं. महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी येतं, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या तुमच्या बिलांची यादी. पुरवठादाराने तुमचं बिल चढवलं नसेल तर ते त्यात दिसत नाही आणि क्रेडिट मिळत नाही. तुमची उलाढाल ५ कोटींच्या आत असेल आणि विवरणपत्राची तिमाही योजना घेतली असेल तर २बी तिमाहीला एकदाच येतं, पण पुरवठादारांची बिलं २ए मध्ये दर महिन्याला बघायची सवय ठेवा. तिमाहीच्या शेवटी तीन महिन्यांची बिलं शोधत बसण्यापेक्षा ते सोपं जातं. टॅलीत २बी आयात करून जुळवणी होते, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचं गिऱ्हाईक आहे का? इतवारीत असतंच. त्या पार्टीच्या खात्यात राज्य मध्य प्रदेश टाकलंय ना, ते आजच तपासा. ते चुकलं की आयजीएसटीऐवजी (राज्याबाहेरच्या विक्रीचा कर) सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा) लागतो आणि निस्तरणं जिकिरीचं. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची, मर्यादाही वेगळी: महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखापर्यंत सूट, राज्याबाहेर ५० हजारांच्या वर गेलं की लागतंच.

हिंगणा_लेथ

माझं हिंगणा एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. चार लेथ, एक सीएनसी, बाहेरच्या कंपन्यांचं जॉबवर्क. आमची अडचण उधारीची नाही, कोणतं काम कुठपर्यंत आलं याची. कंपनीचा फोन येतो, "आमचे बुशिंग किती झाले?" आणि मी शॉपमध्ये पळतो. दिवसातून दहा वेळा.

मी मोठं सॉफ्टवेअर घेतलंच नाही. गुगल फॉर्म केला, त्याचा क्यूआर कोड छापून लॅमिनेट करून प्रत्येक मशीनला अडकवला. शिफ्ट संपली की ऑपरेटर आपल्या फोनवरून स्कॅन करतो आणि भरतो. उत्तरं थेट शीटमध्ये पडतात, मी घरूनही बघतो. पहिल्या फॉर्ममध्ये मी हौसेने अकरा प्रश्न टाकले होते. आठवड्यात कोणीच भरेना. एक ऑपरेटर म्हणाला, "दादा, हाताला तेल असते, एवढं टाइप कोण करन?" मग चार ठेवले: चलान नंबर, चांगले नग, खराब नग, मशीन बंद असेल तर कशामुळे. चारपैकी दोन नुसते बोट लावून निवडायचे. आता रोज भरून राहिले.

'मशीन बंद कशामुळे' या एका प्रश्नाने मला जे सांगितलं ते मी दहा वर्षं मशीनजवळ उभा राहून पाहिलं नव्हतं. मला वाटायचं लाइट जाते म्हणून वेळ जातो. तीन महिन्यांची उत्तरं लावली तर सगळ्यात जास्त वेळ टूल शोधण्यात जात होता. भिंतीवर टूलबोर्ड लावला, प्रत्येक टूलच्या जागी त्याचा आकार रंगवला. ते कोणत्या सॉफ्टवेअरने सांगितलं नसतं, पण शीट नसती तर मलाही कळलं नसतं.

बिलावर उद्यम नोंदणीचा नंबर छापायला सुरुवात केली हेही सांगतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, आणि उशीर करून वर्ष संपेपर्यंतही दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च आयकरात त्या वर्षी धरता येत नाही. मार्च जवळ आला की कंपन्यांचे अकाउंटवाले स्वतःहून फोन करतात. भाऊ, तुम्हीही छापा.

धरमपेठचा हिशोबनीस

हिंगणावाले दादा, तुमच्यासाठी बरोबर, तुम्ही उत्पादन आणि सेवा देता. धागाकर्ते व्यापारी आहेत. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. ४५ दिवसांचं संरक्षण त्यांना नाही. भाऊंनी नंबर छापून त्या आधारावर वसुली मागितली तर समोरचा सीए लगेच बोट ठेवेल.

सक्करदऱ्याची ताई

हे सगळं वाचून मला थोडी धाकधूक झाली. आम्ही पाच बायका घरीच मसाले करतो. सावजी मसाला, काळा मसाला, उन्हाळ्यात कुरडया, सरगुंडे, मुगवड्या. ऑर्डर सगळ्या व्हॉट्सॲपवर. आता पुण्याचे आणि हैदराबादचे आपले नागपूरकर मागवतात, कुरियरने पाठवते. हिशोब वहीत. मला टॅली लागेल का? मुलगा म्हणतो वेबसाइट कर, एकाने तर भलीमोठी रक्कम सांगितली.

इतवारीकर

ताई, टॅली नको आणि वेबसाइटही एवढ्यात नको, असं माझं स्पष्ट मत. तुमचं दुकान व्हॉट्सॲपवरच आहे, तेच नीट लावा. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे. त्यात कॅटलॉग करा, प्रत्येक मसाल्याचा फोटो, वजन, भाव. 'नवी ऑर्डर', 'पैसे आले', 'पाठवलं' अशी लेबलं लावा, म्हणजे कोणाचं पार्सल राहिलं ते एका नजरेत कळतं. भाव विचारणाऱ्याला तेच तेच टाइप करायचं नाही, तयार उत्तरं साठवून ठेवता येतात. आणि ब्रॉडकास्ट फक्त ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच पोहोचतो, म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये चिठ्ठी टाका की आमचा नंबर साठवून ठेवा.

माझी बायको माहेरी हेच काम बघायची, तिने सांगितलं ते लिहितो: तुमची खरी गरज बिलाची नाही, घाण्याच्या हिशोबाची आहे. कळमन्याच्या बाजारातून दहा किलो मिरची आणली. देठ काढले, वाळवली, भाजली, कुटली. हातात किती मसाला आला? दर घाण्याचं वजन दोनदा करा, आधी आणि नंतर, आणि ते शीटमध्ये टाका. मिरचीचा भाव वाढला की लोक मिरचीच्या भावात फरक धरतात, पण घट धरायची राहते आणि पाकिटामागे नफा हळूच गळतो. घाण्याला क्रमांक द्या, तोच पाकिटावर लिहा. कोणी म्हटलं तिखट कमी आहे, तर कोणत्या दिवशीचा घाणा ते कळेल.

धरमपेठचा हिशोबनीस

ताई, घाबरू नका, पण एक गोष्ट आजच बघा. मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे महाराष्ट्रातल्या विक्रीपुरतं. मसाल्यावर कर आहे, आणि करपात्र माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. पुण्याची पार्सलं चालतील. हैदराबादच्या पार्सलांमुळे तुम्ही नोंदणीच्या कक्षेत येता. ऑनलाइन बाजारपेठेवर विकायचं मनात असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्यांना नोंदणीशिवाय तिथे विकायची सोय झालीय, तीही राज्यातल्या राज्यातच. हैदराबादची ऑर्डर नियमित असेल तर नोंदणी करून घ्या, मी अर्ज कसा भरायचा ते सांगेन. फी लागत नाही.

मस्कासाथ

मी धान्याचा व्यापारी, वय ६८. आपण सगळे तरुण लोक उत्साहाने सांगून राहिले, चांगलं आहे. पण माझा अनुभव सांगतो, कारण दुसरी बाजूही कोणी वाचावी.

आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी संगणक आला. एक हुशार पोरगा ठेवला, सगळा हिशोब त्याच्या हातात. तीन वर्षांनी तो दुसरीकडे लागला. गेला त्या दिवशी आम्हाला पासवर्डही माहीत नव्हता. तो भला माणूस, फोनवर सांगितलं, पण आठ दिवस तो गावी होता आणि आठ दिवस माझ्या दुकानात कोणाचं किती येणं आहे हे मला सांगता येत नव्हतं. ५० वर्षांच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं. वही मी केव्हाही उघडू शकत होतो. तेव्हापासून रोजमेळ मी हातानेच लिहितो, संगणकही चालू आहे. संध्याकाळी दोन्हीची रोकड जुळवतो. दुहेरी काम आहे, मान्य. पण मला झोप लागते.

इतवारीकर

काका, तुमचं लिहिणं मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. आम्ही वही बंद केली तरी बाबा रोज रात्री गल्ल्याची रोकड एका छोट्या डायरीत लिहितातच. मी थांबवलं नाही, आता थांबवणारही नाही. मालकाला आपला हिशोब स्वतः उघडता आला पाहिजे, हे तुमचं म्हणणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

सदरचा_यंत्रवाला

मी दुकानांना संगणक, प्रिंटर, नेटवर्क बसवून देतो. धागाकर्त्यांच्या प्रश्नांवर येतो, पण आधी काकांचं. मुख्य पासवर्ड मालकाकडे, पाकिटात बंद करून घरच्या कपाटात. बिल करणाऱ्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, मर्यादित हक्क. माणूस सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं नाव बंद. हे बसवताना पंधरा मिनिटं लागतात.

बॅकअप. भाऊ, तुमचे सी आणि डी हे बहुतेक एकाच डिस्कचे दोन भाग असतील. डिस्क गेली की दोन्ही गेले. त्याला बॅकअप म्हणता येत नाही. मे महिन्यात माझ्याकडे सगळ्यात जास्त संगणक येतात ते याच कारणाने. बाहेर ४५ अंश, दुकानाला वरून पत्रा, व्होल्टेज वरखाली. तीन प्रती ठेवा: एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर जी रात्री घरी जाते, एक इंटरनेटवर. गुगलच्या फुकट खात्यात १५ जीबी मिळतात, तुमच्यासारख्या दुकानाचा हिशोब त्यात आरामात मावतो. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उघडून न बघितलेला बॅकअप मी धरतच नाही.

कूलरबद्दल कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. उन्हाळ्यात दुकानात कूलर आणि त्याच्या वाऱ्याच्या तोंडावर संगणक, हे दृश्य इतवारीत दर तिसऱ्या दुकानात दिसते. तो वारा ओला असतो. आत गंज चढतो, बारकोडचे स्टिकर सुटतात. संगणक वाऱ्याच्या आडोशाला ठेवा. थर्मल कागदाची बिलंही जपा. उष्णतेने तो कागद काळा पडतो, नाहीतर अक्षरं उडून जातात. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायचे असतात. खरेदीची थर्मल बिलं आली त्याच दिवशी फोनने स्कॅन करा.

वाडीचं गोदाम. टॅलीत वेगळं गोडाऊन उघडा आणि माल हलवला की स्टॉक जर्नलने एकातून दुसऱ्यात घ्या, तेवढं पुरतं. तिथे संगणक आणि भाड्याचा क्लाउड घ्यायची एवढ्यात गरज नाही. हिंगणावाल्या दादांची युक्ती चौकीदाराला द्या. क्यूआर, तीन प्रश्न: काय, किती, आत की बाहेर. सोबत चलानचा फोटो.

हिंगणा_लेथ

चौकीदाराला टाइप करायला लावूच नका. वस्तूंची यादी आधीच टाकून ठेवा, त्याने बोट लावावं. आकडा तेवढा टाइप करेल.

सक्करदऱ्याची ताई

सगळ्यांचे आभार. नोंदणीचं बघते. एक विचारायचं होतं. मागच्या महिन्यात एका बाईने पैसे पाठवल्याचा फोटो पाठवला, मी पार्सल दिलं, पैसे आलेच नव्हते. ९०० रुपये गेले. आता काय करावं?

सदरचा_यंत्रवाला

ताई, समोरच्याच्या फोनवरचा हिरवा पडदा किंवा त्याचा फोटो कधीच पुरावा धरू नका, तसे खोटे पडदे बनवणारी ॲप आहेत. स्वतःच्या बँकेच्या खात्यात जमा दिसलं तरच पार्सल. दुकानवाल्यांनी पैसे जमा झाले की बोलणारा डबा ठेवावा, गर्दीत दर वेळी फोन बघणं होत नाही. आणि सकाळी शटर उघडलं की आपला क्यूआर स्वतः एकदा स्कॅन करून नाव वाचा. वर दुसरा स्टिकर चिकटवून जाणारे आहेत. फसवणूक झाली की लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पहिले काही तास मोलाचे. व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावून ठेवा, तुमचं अख्खं दुकान त्या एका नंबरवर आहे.

इतवारीकर

उशीर झाला, पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इतवारीत दुपारपर्यंत धंदा नसतोच, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. मिरवणूक बघून आलो आणि शटर अर्धं ओढून यंत्रवाले दादा म्हणाले तसा पेनड्राइव्हचा बॅकअप भावाच्या लॅपटॉपवर उघडला. उघडला, पण शेवटची नोंद आषाढातली. त्यानंतर पेनड्राइव्ह लावून आम्ही जे घेत होतो ते सगळं डी ड्राइव्हवरच जात होतं, मार्ग बदलायचा राहिला होता. म्हणजे दोन महिन्यांची उधारी एका डिस्कच्या भरवशावर होती. वाचून सोडून दिलं असतं तर कधी कळलं असतं, देव जाणे. बाहेरची डिस्क घेतली, ती रोज रात्री माझ्या पिशवीत घरी येते. गुगलवरची प्रत भाऊ शनिवारी चढवतो. नव्या बॅकअपमधली थकबाकी आणि दुकानातली थकबाकी पैशासकट जुळली.

बालाघाटच्या दोन पार्ट्यांचं राज्य महाराष्ट्र पडलेलं निघालं. हिशोबनीस दादा, तुम्हाला वेगळा निरोप टाकलाय, दुरुस्ती कशी करायची ते सांगा.

वाडीचा फॉर्म सुरू झाला. चौकीदार पहिल्या दिवशी बिचकला, आता चलानचा फोटोही बरोबर काढतो.

आणि एक. लॅपटॉपवर खाती उघडी होती तेव्हा बाबा शेजारी बसले. त्या मार्चवाल्या ठेकेदाराचं खातं दाखव म्हणाले. चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि म्हणाले, "गुरुवारचे बॅटन होल्डर चार कुठे आहेत?" मी गटात जाऊन बघितलं. गुरुवारी दुपारी पावणेदोनला त्यांचा आवाज होता, होल्डर चार, स्पष्ट. भावाने ऐकलं होतं, बिल करायचं राहिलं होतं. लगेच बिल केलं आणि ठेकेदाराला फोन करून उशिराचं कारण सांगितलं. आता नियम असा की गटातला प्रत्येक आवाज बिल झाल्यावर त्याला अंगठ्याची खूण करायची, आणि खूण नसलेला एकही आवाज राहिला असेल तर शटर ओढायचं नाही. खुणा बाबा तपासतात.